पौषातला ब्लूज: रत्नागिरीच्या एका बँक्वेट हॉलचं प्रकरण

पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, इथून हे प्रकरण सुरू होतं.

रत्नागिरीत सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, एक हॉटेल आहे. नाव घेत नाही, कारण पुढे त्याच्या अर्थिंगबद्दल लिहायचं आहे. गच्चीवरून भाट्याची खाडी दिसते, तळमजल्यावर मोठा बँक्वेट हॉल आहे. तुळशीचं लग्न लागलं की त्या हॉलला उसंत नसते, आणि पौष लागला की तोच हॉल महिनाभर खुर्च्यांच्या चळती सांभाळत बसतो. खोल्या मात्र नेमक्या तेव्हाच भरलेल्या असतात, कारण गणपतीपुळे-पावस करणारी मंडळी डिसेंबर-जानेवारीतच येतात. शेठचा मुलगा मुंबईत शिकायला होता, तेव्हा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला जायचा. तो महोत्सव २०११ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी शिकागोचा गिटारवादक बडी गाय तिथे वाजवून गेला. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांतून आलेलं गाणं. मुलाच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पौषातला एक शुक्रवार, शनिवार, रविवार आपल्या हॉलमध्ये ब्लूज वाजवायचा.

मुंबईचा पाच जणांचा बँड ठरला. एक गाणारा, तोच मुख्य गिटारवाला. दुसरा गिटारवाला, बास, ड्रम आणि माउथ ऑर्गन. तिकीट ४९९ रुपये, कारण संगीत कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. पोलिसांची परवानगी, गाण्यांच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा परवाना, सगळं मॅनेजरने वेळेत केलं. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

मी साउंडवाला. वडिलांनी दोन कर्णे आणि एका अँपवर धंदा सुरू केला, मी आता डिजिटल मिक्सर घेऊन फिरतो. वर्षभर हळदी, रिसेप्शन, नमन, डबलबारी भजनं. ब्लूज ऐकलेला होता, पण वाजता बँड कधी सांभाळला नव्हता. शुक्रवारी जे बिघडलं त्यातला बराचसा वाटा माझाच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शुक्रवार दुपार: ओठाला करंट

साउंड चेकला गायक गिटार गळ्यात अडकवून माइकपाशी गेला आणि ओठ माइकच्या जाळीला लागताच मागे उडी मारून शिवी हासडली. त्याने हसण्यावारी नेलं. म्हणाला, होतं असं, अर्थची पिन तोडून टाक. हा सल्ला मी आजवर शंभर ठिकाणी ऐकलाय आणि वडिलांच्या काळात आमच्याकडेही पाळला जायचा. पिन तोडली की गुणगुण जाते हे खरं. ती तोडल्यावर अँपमध्ये काही फॉल्ट झाला, तर करंटला जमिनीत जायची वाट म्हणजे वाजवणारा माणूस. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झीत लेस्ली हार्वी नावाचा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो.

मीटर लावला. माइकची जाळी आणि गिटारची तार यांच्यात नव्वदच्या वर व्होल्ट. करंट किरकोळ, पण तो किरकोळच राहील याची हमी कोण देणार? कारण शोधायला अर्धा तास गेला. माझा मिक्सर जनरेटर रूममधून ओढलेल्या लाइनवर होता, तिथलं अर्थिंग नीट होतं. गिटारचे अँप मात्र स्टेजमागच्या भिंतीतल्या सॉकेटवर होते. सॉकेट उघडलं तर अर्थची हिरवी वायर आत मोकळीच लोंबत होती, कुठे जोडलेलीच नव्हती. हॉल बांधल्यापासून हे असंच असणार. लग्नात तिथे मोबाइलचे चार्जर लागतात, कोणाला कळणार?

मग मागचा अर्थचा खड्डाही बघितला. आमचा सडा म्हणजे जांभा. पावसाचं पाणी चाळणीतून गेल्यासारखं खाली उतरतं आणि जानेवारीत खड्डा ठणठणीत कोरडा. कोरड्या जांभ्यातलं अर्थिंग जवळजवळ नावापुरतंच उरतं. मीठ-कोळसा भरलेला होता, पण वर पाणी ओतायची पाइप मातीने बुजलेली. माळ्याकडून ती साफ करून घेतली, बारा बादल्या पाणी ओतलं, आणि स्टेजवरची प्रत्येक वस्तू एकाच बोर्डवर, एकाच अर्थवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचमधून, घेतली. जाळी आणि तार यांच्यात आता एक व्होल्टसुद्धा नाही. गायकाने आधी बोट लावून बघितलं, मग ओठ.

या सगळ्यात साउंड चेकचे दीड तास गेले. उरलेल्या वीस मिनिटांत मी लग्नात लावतो तसंच सगळं लावून टाकलं. दोन्ही बाजूंना डबल बेस, म्हणजे खालच्या सुरांचे मोठे स्पीकर, वर टॉप, ड्रमला सहा माइक, गिटारच्या अँपलाही माइक. खरी चूक ही. करंटच्या नादात हॉलकडे कोणी बघितलंच नाही.

शुक्रवार रात्र

एकशेवीसच्या आसपास लोक. गोल टेबलं, पांढरी कव्हरं, मध्ये फुलदाणी, म्हणजे रिसेप्शनचीच मांडणी. आठ वाजता बँड सुरू आणि आठ वाजताच बुफे सुरू. त्यामुळे लोकांचा समज झाला की हे जेवताना वाजायचं संगीत आहे. पहिलं गाणं संपलं तेव्हा सोलकढीच्या रांगेतून टाळ्या आल्या.

मधल्या टेबलावर माझा आवाजाचा मीटर १०१ डेसिबल दाखवत होता. एवढं असूनही गायकाचा शब्द कळत नव्हता. मी आवाज वाढवला, त्याने ड्रम दबला, ड्रमरने जोर लावला, गिटारवाल्याने अँप वाढवला. हे चक्र साउंडचं काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी प्रत्येक जण त्यात सापडतो. बासची एक ठरावीक नोट आली की टेबलावरचे चमचे किणकिणायचे आणि सगळ्या हॉलला कोणीतरी घोंगडी पांघरल्यासारखं व्हायचं. दुसरी नोट आली की बास गायब. साडेनऊला पन्नास माणसं लॉनवर जाऊन बसली होती.

पावणेदहाला लाइट गेली. जनरेटर दहा-बारा सेकंदांत लागला, पण डिजिटल मिक्सर पुन्हा उठायला दीड मिनिट घेतो. लाइट जाऊन जादू झाली वगैरे मी म्हणणार नाही, लोकांनी मोबाइलचे टॉर्च लावले आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण अंधार झाला त्याच क्षणी ड्रमरची काडी स्नेअरवर पडली होती आणि बाकी सगळं बंद. त्या एका फटक्याचा आवाज हॉलमध्ये कितीतरी वेळ हिंडत राहिला. मी मिक्सरमागे उभा राहून मनात मोजलं, एक… आणि जवळजवळ दोन. एवढी शेपटी! मंदिराच्या सभामंडपात ठीक आहे. गजराला उलट बरी. इथे मात्र प्रत्येक फटक्याला ही शेपटी चिकटलेली होती आणि मी तासाभरापासून शेपट्यांवर शेपट्या चढवत होतो.

रात्री बाराची बैठक

किचनशेजारच्या टेबलावर सगळे बसले. शेठ म्हणाले, "आपल्या माणसांना हे झेपत नाही. उद्या एक तास इंग्लिश वाजवा आणि दोन तास हिंदी." गायक म्हणाला, पब्लिक थंड आहे, मुंबईत असं होत नाही. मुलगा मान खाली घालून बसलेला. दोन्ही बाजूंचं निदान एकच होतं: ऐकणाऱ्यांना कळलं नाही.

माझ्याकडे काम करणाऱ्या पोराचे वडील भजनी बुवा आहेत. पोराला न्यायला म्हणून आले होते आणि साडेआठपासून मागे उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "कळत नाय कशाला? तो गाऱ्हाणं घालतोय. एकदा घालतो, परत तेच घालतो, आणि मग तिसऱ्याला सांगतो काय झालं ते. पण त्याच्या गाऱ्हाण्याला पलीकडून जबाब येतो ना, तो ऐकू येत नाय. नुसता घुमारा."

गायक दोन क्षण गप्पच झाला. इंग्रजीचा शब्द न कळता बुवांनी ब्लूजची रचना बरोबर सांगितली होती. बारा बारचा ब्लूज असाच असतो. बार म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा. चार-चार बारच्या तीन ओळी. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी तिला उत्तर देणारी. प्रत्येक ओळीचे साधारण पहिले दोन बार गळ्याचे आणि उरलेले दोन वाद्याचे. गिटार किंवा माउथ ऑर्गन तिथे गायकाला जबाब देतं. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात एकाने हाक घालायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची, तिथून ही रीत आली. आमच्या डबलबारीत एका बुवाने टाकलेल्या बारीला दुसऱ्या बुवाने बारीनेच उत्तर द्यायचं असतं, जाखडीच्या नाचात शक्तीवाल्याचा सवाल तुरेवाला उचलतो. सवाल-जबाबावर पहाट करणारा हा मुलूख. त्याला ब्लूज कळणार नाही, हे म्हणणंच मुळात चुकीचं होतं. जबाबाची जागा आवाजाने लिंपून गेली होती, एवढंच.

शनिवार सकाळ: हॉलची नाडी

सकाळी आठला हॉल रिकामा करून फुगे फोडले. मोबाइलवर अॅप, तीन ठिकाणी तीन-तीन फुगे. रिकाम्या हॉलची शेपटी, म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, २.८ सेकंद. आश्चर्य नव्हतं. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एक भिंत पूर्ण काचेची, बाकीच्या गुळगुळीत रंगवलेल्या, वर कडेने पीओपी आणि मधे उघडा स्लॅब. आवाज पिणारं काहीच नाही.

हे गणित घालून दिलं वॉलेस सॅबिन नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकाने. १८९५ च्या सुमाराला विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यान-हॉलमध्ये बोललेलं कोणालाच कळेना, तेव्हा तो रात्री सामसूम झाल्यावर ऑर्गनची एक नळी आणि घड्याळ घेऊन तिथे बसायचा, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून आत ठेवायचा आणि किती गाद्यांनी शेपटी किती तुटते ते मोजायचा. पहाटेपर्यंत गाद्या परत जागेवर. त्यातून निघालेलं सूत्र साधं आहे: हॉलचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज पिणारं क्षेत्रफळ. आमचा हॉल २४ मीटर लांब, १४ रुंद, ४.२ उंच. घनफळ साधारण १४११ घनमीटर. शेपटी २.८ यायची तर पिणारं क्षेत्रफळ जेमतेम ८० चौरस मीटर. एक हजार चौरस मीटरच्या पृष्ठभागात ८०!

आता हे संगीताला कसं मारतं ते बघू. मध्यम चालीच्या शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या ठेक्यात, एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, आणि त्याच्या पोटात तीन. दादरा लग्गीला आला की जसा उसळतो तशी ती चाल. शुक्रवारी माणसांमुळे शेपटी १.८ पर्यंत उतरली असेल. म्हणजे अर्ध्या सेकंदात मागची नोट १६-१७ डेसिबलच खाली गेलेली, पुरती विझलेली नाही, आणि तिच्यावर पुढच्या तीन येऊन बसलेल्या. डीजेला याने फरक पडत नाही, त्याचं सगळं सलगच असतं. ब्लूज मोकळ्या जागांवर उभा असतो.

दुसरा रोग बासचा. चार तारांच्या बासची सगळ्यात खालची मोकळी तार म्हणजे ई, आपली पांढरी तीन, ४१.२ हर्ट्झ. कोकणातल्या हवेत तीस अंशांना आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर धावतो. ४.२ मीटरच्या छत आणि फरशीमध्ये जी लाट बरोबर बसते तिची वारंवारता ३४९ भागिले ८.४, म्हणजे ४१.५. हॉलच ई मध्ये लावलेला! आणि गिटारवाल्यांना मोकळ्या तारा मिळतात म्हणून अर्धा ब्लूज ई मध्येच असतो. घोंगडी पांघरणारी नोट हीच. एसी चालू केल्यावर हवा गार होते आणि हा आकडा थोडा सरकतो, पण तेवढ्याने सुटका नाही.

बासवाल्याला सांगितलं, खालचा ई टाळ. तो म्हणाला, सप्तक वर वाजवतो. पण सप्तक वर म्हणजे ८२.४, आणि हॉलची दुपटीची लाट ८३ ला बसलेली. तिथेही घुमणार. कागदावर पट्ट्या मांडून बघितल्या. जी मध्ये गेलं तर ४९, सी ६५.४, डी ७३.४. तिन्ही मुख्य नोटा त्या दोन घुमणाऱ्या आकड्यांच्या मधून सुखरूप जातात. डी मध्येही जमतं: ७३.४, ४९ आणि ५५.

पट्टी बदला म्हटल्यावर बँडचे चेहरे पडले. पहिला हसला तो माउथ ऑर्गनवाला. या वाद्यावर ब्लूज वाजवताना ज्या पट्टीचं गाणं त्याच पट्टीचं वाद्य घेत नाहीत, त्याच्या चौथ्या सुराचं घेतात. ओढलेल्या श्वासात मग ते वाकवलेले, रडवे सूर मिळतात. ई च्या गाण्याला ए चं वाद्य, जी च्या गाण्याला सी चं. "सी चं तर शाळेतल्या पोराकडे पण असतं," तो म्हणाला. गिटारवाल्यांनी कुरकुरत तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला. गायकाला तीन पट्ट्या वर जायचं होतं, त्याने जड गाणी डी मध्ये घेतली.

मग गाद्या. मंडपवाल्या मित्राच्या गोदामातून कापसाच्या साठ गाद्या आल्या. तीस काचेच्या भिंतीसमोर आणि मागच्या भिंतीला वीतभर अंतर सोडून उभ्या बांधल्या, वर सोनेरी झालर टाकली म्हणजे शेठना बघवेल. उरलेल्या तीस जाजमावर, स्टेजसमोर बैठक म्हणून. गोल टेबलं अर्धी काढून मागे. खाली बसणाऱ्याचा कान फरशीच्या जवळ येतो आणि खालचा घुमारा तिथे उलट जास्त असतो, हे मला माहीत होतं. म्हणून तो उगमापाशीच मारावा लागला. डबल बेस दोन्ही बंद, बास फक्त त्याच्या अँपवर, ग्राफिक इक्वलायझरवर चाळीस हर्ट्झची दांडी नऊ डेसिबल खाली, गायकाच्या माइकचं शंभरच्या खालचं सगळं कापलं. स्टेज प्लायवूडचं, पोकळ. तो नगाराच. ड्रम उचलून खाली जाजमावर आणला आणि काड्यांऐवजी ब्रश.

गिटारच्या अँपवरून मात्र खडाजंगी झाली. व्हॉल्व्हचा अँप भरपूर वाढवल्याशिवाय त्याचा आवाज फाटत नाही आणि फाटल्याशिवाय ब्लूजवाल्याचं समाधान होत नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ब्लूज विजेवर गेला तो मुळात गोंगाटामुळे. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपी सोडून शिकागोला आला आणि तिथल्या दारूच्या गुत्त्यांत साधी गिटार कोणाला ऐकूच जाईना, म्हणून त्याने इलेक्ट्रिक हातात घेतली. आमच्याकडे गुत्ता नव्हता, गादीवर मांडी घालून बसलेली माणसं असणार होती. शेवटी कॉलेजमधल्या एका पोराचा १५ वॅटचा छोटा व्हॉल्व्ह अँप मागून आणला. तो लवकर फाटतो. आणि खुर्चीवर तिरका करून गिटारवाल्याच्या कानाकडे तोंड करून ठेवला. अँप जमिनीवर असला की तो गुडघ्यांना ऐकू येतो आणि माणूस वाढवत जातो. कानाशी आला तसा त्याने स्वतःच कमी केला, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

दहाचा प्रश्न

शुक्रवारी सव्वादहाला मागच्या बंगल्यातून फोन आला होता. मॅनेजर छातीठोकपणे सांगत होता की बंद बँक्वेट हॉलला रात्री दहाचं बंधन नाही. अर्धं बरोबर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर आणि वाद्यं बंद, पण बंद जागेत, तिथल्या तिथे ऐकण्यासाठी, सभागृह किंवा बँक्वेट हॉलला सूट आहे. मात्र खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त जाता कामा नये, हेही तिथेच लिहिलंय. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५. आणि आमचा "बंद" हॉल म्हणजे लॉनकडचे दोन्ही दरवाजे सिगारेटवाल्यांसाठी सताड उघडे. शनिवारी साडेसहाला सुरू करून पावणेदहाला संपवायचं ठरवलं, दरवाजे बंद, आणि बंगल्यातल्या गुरुजींना दोन पास. ते आले, सगळ्यात पुढच्या गादीवर बसले.

शनिवार आणि रविवार

जेवण मध्यंतरात आणि लॉनवर. हे शेठना पटवायला मुलाने अर्धा दिवस घालवला, पण बाकीच्या दुरुस्त्यांइतकीच ही मोलाची ठरली.

एकशेसाठ माणसं होती, निम्मी तर "काल फार घुमत होतं म्हणे" असं ऐकून आलेली. भरल्या हॉलची शेपटी १.१ च्या आसपास असावी. अर्ध्या सेकंदात आवाज आता २७ डेसिबल खाली. मधल्या जागेत मीटर ९० ते ९२, म्हणजे शुक्रवारपेक्षा दहा कमी, आणि शब्द न् शब्द कळत होता. कार्यक्रमांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० ची मर्यादा सांगितली आहे. शुक्रवारी मी ती ओलांडून वर काहीच दिलं नव्हतं.

गायकाने दुसऱ्या गाण्याआधी माइकवर मोडक्या मराठीत सांगितलं, "मी तक्रार करणार, दोन वेळा. मग तो उत्तर देणार." आणि माउथ ऑर्गनकडे बोट केलं. पहिल्या ओळीनंतर माउथ ऑर्गनने ओढून, वाकवून असा काही जबाब दिला की बैठकीतून "वा!" आलं, थेट भजनातलं. बँडला अशी भर गाण्यात दाद मिळायची सवय नसावी, बासवाला दचकून बघायला लागला. मग त्यांना गोडी लागली. पुढच्या गाण्यांत जबाब लांबत गेले, तीन-तीन आवर्तनं. बाराव्या बारवर गाणं जिथे वळसा घेऊन पुन्हा पहिल्यावर येतं, त्या समेवर गुरुजींसकट पुढच्या रांगेची मान पडायला लागली. हे कोणी शिकवलं नव्हतं.

सगळं सुधारलं असं नाही. गिटारच्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमधून एक बारीक किरकिर पहिले दोन्ही दिवस येत राहिली. अर्थिंगचा दोष नव्हता, स्टेजवरच्या एलईडी लाइटच्या डिमरमधून येत होती. रविवारी एलईडी बंद करून पिवळे बल्ब लावले तेव्हा किरकिर गेली, पण फोटो काढणाऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की काय सांगू. एसीचाही त्रास. आत वीस अंश, बाहेर दमट उकाडा. मध्यंतरात गिटार दरवाजापाशी ठेवल्या की सूर उतरलेले. माउथ ऑर्गनवाला आपली वाद्यं खिशात ऊब देऊन ठेवायचा, गार पितळी पत्त्यांवर श्वासाचं पाणी धरतं आणि त्या चिकटतात.

रविवारी दुपारी मुलाने विनातिकीट बैठक ठेवली होती, गावातली गिटार शिकणारी पोरं आणि कोणी तबला-पखवाज वाजवणारे यावेत म्हणून. बुवा मृदंग घेऊन आले. भजनी ठेका आठ मात्रांचा, शफल बारामध्ये हिंडणारा, पहिली पाच मिनिटं दोघेही एकमेकांना चुकवत होते. मग बुवांनी भजनी ठेका सोडून दादऱ्याची लग्गी धरली आणि ड्रमरने ब्रश खाली ठेवून हात बांधून ऐकायला सुरुवात केली. त्या अर्ध्या तासाचं माझ्याकडे रेकॉर्डिंग नाही. मी मिक्सर चालूच केला नव्हता, गरज नव्हती.

रविवारी रात्री दोनशेदहा माणसं. तीन दिवसांचा हिशेब शेठनी सोमवारी सकाळी चहाबरोबर मांडला. बँड, प्रवास, परवाने, माझं बिल, गाद्यांचं भाडं जाऊन तिकिटांत काही उरलं नाही, जेवणात थोडं उरलं. पौषातल्या तीन दिवसांसाठी वाईट नाही, एवढंच म्हणाले. काचेच्या भिंतीला जाड मखमली पडदे आणि अर्थचा नवा खड्डा, दोन्हीचं एस्टिमेट मागितलं. पडदे मार्चमध्ये लागले. खड्ड्याचं अजून चाललंय.

माघात मुहूर्त सुरू झाल्यावर एक दिवस बुवांचा फोन आला. त्याच हॉलमध्ये कोणाच्या तरी साठीशांतीला भजन ठरलं होतं.

"तो हॉल पांढरी तीनला घुमतो म्हणालास ना? मी काळी चारला गातो. चालेल?"

म्हटलं, तुमच्या गळ्याचं काही नाही बुवा, मृदंगाचं बघा. डाव्या पुडीला कणीक जरा कमी लावा.